नाइन-बॉलमध्ये पुश आउट कधीही करता येतो का? तुमचं बरोबर की काकांचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ठाण्यातल्या एका पूल पार्लरमध्ये नाइन-बॉल खेळता. तुमचे काका १९७८ साली न्यू जर्सीला गेले, तिथे पहिली आठ-दहा वर्षं भरपूर पूल खेळले, मग संसारात ते सुटलं. आता ते कायमचे परत आलेत आणि तुमच्याबरोबर खेळायला लागलेत. त्या दिवशी सहा-सहा अशी बरोबरी होती, शेवटचा रॅक, म्हणजे शेवटचा डाव, चालू होता. टेबलवर तीनपासून पुढचे बॉल शिल्लक होते आणि तीन नंबर सातच्या मागे पूर्ण झाकलेला होता. काका “पुश आउट” (म्हणजे शॉट नाही, पांढरा नुसता सरकवतो) म्हणाले आणि त्यांनी पांढरा बॉल हलकेच बाजूला सरकवला. तो कशालाही लागला नाही. तुम्ही फाउल म्हणून पांढरा हातात घेतलात, म्हणजे बॉल इन हँड: पांढरा हवा तिथे ठेवून मारायचं. काका म्हणाले, “अरे, एका फाउलवर बॉल इन हँड कुठे असतो? लागोपाठ दोन झाले की असतो!” डाव तिथेच अर्धा राहिला. तुम्ही विचारलंय की खरं कोण, नियम बदलले असतील तर ते का बदलले, आणि पुढे तुम्ही दोघांनी काय धरून खेळावं.

आजच्या नियमांप्रमाणे तुमचं बरोबर आहे. पण काकांनी नियम मनाने रचलेला नाही. ते ज्या काळात शिकले त्या काळात अमेरिकेतल्या बहुतेक हॉलमध्ये नाइन-बॉल असाच खेळला जायचा. मी १९८० मध्ये नोकरीसाठी ह्यूस्टनला गेलो, तिथे मीही हाच खेळ शिकलो. पुढे वीस-पंचवीस वर्षं स्थानिक लीगमध्ये खेळलो, नंतर काही वर्षं स्पर्धांमध्ये रेफरी म्हणून उभा राहिलो, आणि आता पुण्यात मुलांना शिकवतो. त्यामुळे नियमांच्या या दोन्ही बाजूंना मी प्रत्यक्ष राहिलेलो आहे.

एक गोष्ट आधी सांगतो. नाइन-बॉलचा गाभा कधीच बदललेला नाही. टेबलवरच्या सर्वात लहान आकड्याच्या बॉलला पांढऱ्याने आधी स्पर्श करायचा, आणि नऊ नंबर ज्याने नियमात पॉट केला, म्हणजे पॉकेटमध्ये घातला, त्याने रॅक जिंकला. अमेरिकेत १९२० च्या सुमारास हा खेळ रुळला तेव्हापासून हे असंच आहे. मधले बॉल कोणी किती घातले याला गुण नाहीत. एकाने आठ बॉल घातले आणि नऊ चुकला, तर एकच बॉल घालणारा जिंकतो. जे बदललं ते सगळं दोन प्रश्नांभोवती बदललं: चूक झाली तर ती किती महाग पडावी, आणि ब्रेक (रॅक फोडणारा पहिला शॉट) करणाऱ्याला किती फायदा मिळावा. तुमचं आणि काकांचं भांडण पहिल्या प्रश्नावरचं आहे.

काकांच्या वेळचा खेळ कसा होता ते सांगतो. तपशील हॉलनुसार थोडे बदलायचे, म्हणून मी शिकलो तिथलाच सांगतो. पुश आउट कधीही करता यायचा, रॅकच्या सुरुवातीला, मध्ये, अगदी नऊवर सुद्धा. तुमच्यासमोर शॉट नसेल तर “पुश” म्हणायचं आणि पांढरा हवा तिथे न्यायचा. तो कुठल्या बॉलला लागला नाही तरी चालायचं, कुशनला म्हणजे टेबलच्या रबरी कडेला लागला नाही तरी चालायचं. मग समोरच्याने ठरवायचं, स्वतः मारायचं की “तुम्हीच मारा” म्हणायचं. परत तुमच्याकडे आलं आणि तुम्ही फाउल केलात, तर मात्र समोरच्याला बॉल इन हँड. पहिली चूक माफ, दुसरीला शिक्षा.

तुम्ही स्नूकर खेळत असाल तर हे फार परकं वाटणार नाही. स्नूकरमध्येही फाउल झाल्यावर समोरचा तुम्हाला पुन्हा मारायला लावू शकतो. आपल्याकडची बरीच मुलं स्नूकरमधून पूलकडे येतात, त्यांना मी जुना नाइन-बॉल समजावतो तेव्हा तो लगेच पटतो. उलट आजचा बॉल इन हँड त्यांना अति कडक वाटतो. स्नूकरमध्ये चार गुण गेले असते, इथे अख्खा रॅक जातो.

जुन्या पद्धतीत खेळाचं खरं कौशल्य कुठे होतं हे मला एका वयस्क वेल्डरने शिकवलं. आमच्या रिफायनरीच्या कामावर होता, शुक्रवारी संध्याकाळी हॉलमध्ये यायचा. पहिले तीन रॅक तो जवळजवळ काहीच बोलायचा नाही, माझ्याकडे बघत राहायचा. चौथ्यापासून पुश आउट सुरू. एकदा दोन नंबर लांब कुशनला चिकटून उभा होता आणि त्याच्यासमोर वाट नव्हती. त्याने पांढरा टेबलच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला, असा की बॉलला कुशनच्या कडेकडेने सहा-सात फूट सरळ चालवत कोपऱ्यात न्यायला लागेल. पॉकेटमध्ये जाण्याची वाट होती, पण केसाइतकी बारीक. मग क्यूला खडू लावत तो माझ्याकडे बघून नुसता थांबला. मी मारला आणि चुकला, तर टेबल उघडं त्याच्याकडे जाणार. “तू मार” म्हटलं, तर तो हा शॉट दहातून आठ वेळा घालतो हे मी त्याच संध्याकाळी पाहिलेलं. मी मारला. चुकला. त्या तीन रॅकमध्ये त्याने मोजून ठेवलं होतं की कुशनच्या कडेचा बॉल मला डावीकडे जमत नाही, उजवीकडे जमतो. दोन नंबर डावीकडे होता.

म्हणजे जुना खेळ असा होता: शॉट नसेल तर तूच एक शॉट तयार कर, पण तो तुला जमेल आणि समोरच्याला जमणार नाही इतकाच अवघड ठेव. त्यासाठी पॉटिंग लागायचं, आणि समोरच्या माणसाची पारख लागायची. तुमचे काका पुश आउट म्हणाले तेव्हा त्यांच्या मनात हाच खेळ चालू असणार.

मग हे बदललं का? एका माणसाने एका दिवशी ठरवलं असं झालं नाही. आज आपण जे खेळतो त्या एका फाउलच्या नियमांना अमेरिकेत टेक्सास एक्सप्रेस म्हणतात. ऐंशीच्या दशकात एकेक करत मोठ्या स्पर्धा या नियमांवर आल्या. १९८७ मध्ये पूलची जागतिक संघटना, डब्ल्यूपीए, स्थापन झाली. १९९० मध्ये जर्मनीतल्या बेर्गहाइमला तिची पहिली जागतिक नाइन-बॉल स्पर्धा झाली आणि अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड ती जिंकला. एकदा जागतिक स्पर्धा सुरू झाल्या की सगळ्या देशांतल्या खेळाडूंना एकच नियमावली लागते, आणि त्यात एका फाउलची पद्धत बसली.

कारणं मला जी दिसली ती सांगतो. पहिलं म्हणजे वेळ. पुश, मग विचार, मग “तूच मार”, मग पुन्हा विचार, असा एकेक रॅक लांबायचा. स्पर्धेत शंभरावर खेळाडू आणि मोजकी टेबलं असतील तर हे परवडत नाही, आणि टीव्हीवर तर नाहीच. दुसरं कारण वादाचं. प्रत्येक गावाचा पुश आउट वेगळा. कुठे फाउलमध्ये पडलेला बॉल पुन्हा स्पॉटवर, म्हणजे टेबलवरच्या ठरलेल्या खुणेवर, ठेवायचे, कुठे खालीच सोडायचे. कुठे पुशला फाउल मोजायचे, कुठे नाही. पैजेचा खेळ असेल तर सुरुवातीची पंधरा मिनिटं नियम ठरवण्यातच जायची. शिवाय बारमधल्या नाणं टाकून चालणाऱ्या टेबलवर पडलेला बॉल बाहेर काढताच येत नाही, तिथे “पुन्हा स्पॉटवर ठेवा” हा नियम पाळणार कसा? नव्या पद्धतीत फाउलवर पडलेले बॉल खालीच राहतात, फक्त नऊ वर येतो. हा बदल दिसायला छोटा आहे, पण त्याने खेळ कितीतरी सुटसुटीत झाला.

तिसरं कारण मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. जुन्या नियमांत सेफ्टीला, म्हणजे समोरच्याची वाट बंद करण्यासाठी मारलेल्या शॉटला, किंमत नव्हती. मी मेहनत करून पांढरा बॉल सातच्या मागे नेऊन ठेवला, तुमची वाट पूर्ण बंद केली, आणि तुम्ही “पुश” म्हणून एका टिचकीत बाहेर आलात, तर माझ्या त्या शॉटचा उपयोग काय? एका फाउलच्या नियमाने सेफ्टीला दात आले. झाकलेल्या बॉलला कुशनवरून शोधून लागलंच पाहिजे, नाहीतर पांढरा समोरच्याच्या हातात. त्यामुळे कुशनवरून बॉल गाठण्याचा किक शॉट आणि अडथळ्यावरून उडी मारणारा जंप शॉट या दोन गोष्टी शिकल्याशिवाय कोणी वरच्या पातळीवर टिकेना. जंपसाठी वेगळ्या आखूड क्यू आल्या, मग त्या किती आखूड असाव्यात याचा नियम आला. आज किमान ४० इंच आहे.

या बदलाचं सर्वात सुंदर उदाहरण म्हणजे १९९५ चा रीनोमधला एफ्रेन रेयेसचा शॉट. तेराची शर्यत, म्हणजे आधी तेरा रॅक जिंकेल तो विजेता, बारा-बारा बरोबरी, समोर स्ट्रिकलंड. स्ट्रिकलंडने सेफ्टी खेळून पाच नंबर झाकून टाकला होता. रेयेसने पांढरा बॉल दोन कुशनांवरून झेडच्या आकारात फिरवून आणला, पाचला लागला एवढंच नाही तर पाच पॉकेटमध्ये गेला, आणि पुढे त्याने सामना जिंकला. मी तो शॉट मुलांना दाखवतो तेव्हा मुद्दाम सांगतो की पंधरा वर्षं आधी हाच प्रसंग असता, तर त्या जागी कोणीही पुश आउट म्हटलं असतं आणि हा शॉट जन्मालाच आला नसता. रेयेस फिलिपिन्सचा. तिथे पंधरा बॉलचा रोटेशन हा रोजचा खेळ, टेबलवर गर्दी असते आणि बॉल सतत झाकलेले असतात. नवे नियम त्याच्यासारख्या खेळाडूंसाठीच केले असावेत इतके त्याला मानवले.

बदल योग्य होता असं माझं ठाम मत आहे. तरी काहीतरी गेलं हेही तितकंच खरं. समोरच्या माणसाच्या मनात शिरून त्याला बारीक चिमटीत पकडण्याचा जो आनंद त्या वेल्डरच्या खेळात होता, तो आजच्या खेळात रॅकमधून फार तर एकदा मिळतो.

ती एक संधी कोणती, ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या काकांचा सगळा गोंधळ तिथे सुटेल. आज पुश आउट करता येतो तो फक्त ब्रेकनंतरच्या पहिल्या शॉटला. ब्रेकमध्ये नियमात बॉल पडला असेल तर ब्रेक करणाराच पुश करू शकतो, नसेल तर समोरचा. आधी तोंडाने सांगायचं. सांगितलं नाही तर तो साधा शॉट धरला जातो आणि फाउल होऊ शकतो. पुशमध्ये पांढरा कशालाही न लागला तरी चालतं, पण तो पॉकेटमध्ये गेला तर फाउल. नऊ पडला तर तो स्पॉटवर येतो, बाकी बॉल पडले तर खालीच. मग जुन्यासारखंच, समोरच्याची निवड: मारा किंवा मारायला लावा. ब्रेकनंतर पांढरा कुठे थांबेल यात नशिबाचा भाग मोठा असतो, म्हणून तेवढ्यापुरती ही मुभा शिल्लक ठेवली आहे. काकांचा पुश तीन नंबरवर, रॅकच्या मध्यात होता, म्हणून आजच्या नियमांत तो फाउल.

फाउलचे बाकीचे नियम बहुतेकांना माहीत असतात, पण दोन गोष्टींवर मी रेफरी असताना सर्वात जास्त वाद पाहिले. एक, सर्वात लहान आकड्याच्या बॉलला लागल्यावर एकतर कुठलातरी बॉल पडायला हवा, नाहीतर कुठलातरी बॉल, पांढरा धरून, कुशनला लागायला हवा. नुसता अलगद स्पर्श करून पांढरा चिकटवून ठेवला तर तो फाउल. स्नूकरमधून आलेल्यांचा हात इथे हमखास फसतो. दोन, एकाच रॅकमध्ये लागोपाठ तीन फाउल झाले की रॅक हरला. पण दुसऱ्या फाउलनंतर “तुमचे दोन झाले” असं सांगितलेलं असलं पाहिजे. सांगितलं नसेल तर तिसरा फाउल तिसरा धरता येत नाही. तुमचं पार्लर, तुमचे मित्र, तरीही ते वाक्य बोलण्याची सवय लावा.

सवयीवरून आठवलं, म्हणून माझीही गोष्ट सांगतो. १९८६ च्या सुमाराला एका स्थानिक स्पर्धेत पहिल्यांदा एका फाउलचे नियम होते. कागद भिंतीवर लावलेला होता, मी वाचलेला होता. तरीही शेवटच्या रॅकमध्ये चार नंबर झाकला गेला तेव्हा तोंडातून “पुश” निघालं आणि पांढरा सरकला. समोरच्या मुलाने शांतपणे पांढरा उचलला, चारच्या मागे वीतभर अंतरावर ठेवला आणि सहाच्या सहा बॉल घालून सामना जिंकला. त्याने काहीही चुकीचं केलं नव्हतं. ती रात्र मला अजून आठवते. तुमच्या काकांना काय वाटलं असेल याची मला पूर्ण कल्पना आहे, म्हणून हे इतकं लांबवर लिहितोय.

आता दुसरा प्रश्न, ब्रेकचा. तुम्ही तो विचारलेला नाही, पण इथे आजही नियम बदलतायत. काकांशी पुढचा वाद ब्रेकवरून होणार हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

पूर्वी लाकडी किंवा प्लॅस्टिकचा त्रिकोण, नाहीतर चौकट, आणि हरलेल्याने रॅक लावायचा. नऊ बॉल शंकरपाळ्याच्या आकारात: एक, दोन, तीन, दोन, एक. पुढे एक नंबर, मध्यभागी नऊ. हे बॉल एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील तर ब्रेकचा जोर सगळ्यांपर्यंत पोचतो. मध्ये कागदाइतकी फट राहिली तरी रॅक बसका फुटतो. हरलेला माणूस समोरच्यासाठी मन लावून रॅक लावेल ही अपेक्षा जरा जास्तच. आमच्याकडे खेळाडू टेबलवर वाकून, डोळा कापडाच्या पातळीला आणून, पलीकडचा दिवा बॉलच्या मधून दिसतोय का ते तपासायचे. दिसला की “पुन्हा लावा”. पाच-पाच मिनिटं हेच.

मग बऱ्याच ठिकाणी ज्याचा ब्रेक त्यानेच रॅक लावायचा असं झालं. भांडणं कमी झाली, पण फट कुठे ठेवली की कुठला बॉल कुठे पडतो याचा अभ्यास खेळाडूंनी सुरू केला. मग घट्ट रॅक लावणारी साधनं आली, आधी सार्डो नावाचं यंत्रासारखं, नंतर बॉलखाली ठेवायचं पातळ प्लॅस्टिकचं टेम्प्लेट. आता प्रत्येक रॅक सारखाच घट्ट. आणि इथेच नवी अडचण उभी राहिली. रॅक नेहमी सारखा असेल तर ब्रेकचा निकालही सारखाच येतो. मधल्या तीन बॉलच्या ओळीतले दोन टोकाचे बॉल आपण पंखाचे म्हणू. ब्रेक कुशनजवळून केला तर त्यातला एक थेट कोपऱ्यात जातो. जोराचीही गरज राहिली नाही. नाइन-बॉलच्या २००१ च्या यूएस ओपनमध्ये कोरी ड्यूएलने अगदी हळू ब्रेक करून हे दाखवून दिलं. अंतिम सामन्यात त्याने माइक सिगेलला ११-० ने हरवलं. सिगेल म्हणजे १९७६ ची पहिली यूएस ओपन जिंकणारा खेळाडू. ड्यूएलने नियम कुठेच मोडला नव्हता. खेळाडू नियमाच्या पुढे गेले होते आणि नियमाला त्यांना गाठायचं होतं.

मूळ नियम इतकाच आहे की ब्रेकवर बॉल पडला नाही तर किमान चार बॉल कुशनला लागले पाहिजेत. हळू ब्रेकला तो पुरा पडत नव्हता. म्हणून वेगवेगळ्या स्पर्धांनी वेगवेगळे उपाय केले. काहींनी तीनचा नियम आणला: पडलेले बॉल आणि ब्रेक करणाऱ्याच्या बाजूच्या रेषेपलीकडे आलेले बॉल मिळून तीन तरी झाले पाहिजेत, म्हणजे जोरात मारावंच लागतं. काहींनी ब्रेकसाठी मधली चौकट आखली, म्हणजे कुशनजवळून ब्रेक बंद. आणि काहींनी रॅकच पुढे सरकवला. पूर्वी एक नंबर स्पॉटवर असायचा, आता नऊ स्पॉटवर ठेवतात.

हे ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून हिशोब करून दाखवतो. बॉलचा व्यास सव्वादोन इंच. शंकरपाळ्यात दोन ओळींमधलं अंतर त्याच्या सुमारे ०.८७ पट, म्हणजे जवळजवळ १.९५ इंच. एक ते नऊ दोन ओळी, म्हणजे ३.९ इंच. अख्खा रॅक ब्रेक करणाऱ्याच्या दिशेने जवळजवळ चार इंच येतो. तेवढ्याने पंखाच्या बॉलची वाट कोपऱ्याऐवजी कुशनवर जाऊन आदळते. तुम्ही पार्लरमध्ये स्वतः करून बघा, दहा ब्रेक एक नंबर स्पॉटवर ठेवून, दहा नऊ ठेवून. फरक कानालाही कळेल: पहिल्यात कोपऱ्यात बॉल पडल्याचा आवाज, दुसऱ्यात रबरावरचा धप्प. अर्थात खेळाडूंनी आता एक नंबर मधल्या पॉकेटात घालायला शिकून घेतलंय, आणि ही शर्यत तिथेच थांबणार नाही.

ब्रेक कोणाला मिळावा हाही जुना वाद आहे. जिंकणाऱ्यालाच ब्रेक मिळाला तर एखादा माणूस समोरच्याला खुर्चीतून उठूच देत नाही. १९९६ मध्ये डॅलसच्या स्पर्धेत सलग दहा रॅक ब्रेकपासून संपवणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस होतं. स्ट्रिकलंडने दहा केले आणि थांबला नाही, अकरावाही केला. बघायला याहून भारी काही नाही, पण समोर बसलेल्याचं काय? म्हणून अनेक स्पर्धांनी आळीपाळीने ब्रेक ठेवला. दोन्ही पद्धती आजही चालू आहेत, आयोजक आधी जाहीर करतात. याच सगळ्या नशिबाच्या तक्रारींतून टेन-बॉल पुढे आला. तिथे कुठला बॉल कुठल्या पॉकेटमध्ये जाणार ते सांगून मारावं लागतं. २००८ मध्ये मनिलाला त्याची जागतिक स्पर्धा झाली, डॅरेन ॲपलटन जिंकला. नाइन-बॉलमध्ये मात्र आजही सांगावं लागत नाही. फ्लूकने गेला तरी गेला.

आता तुम्ही काय करावं? हे कुठे आणि कशासाठी खेळता यावर आहे. स्पर्धा खेळायच्या असतील, राज्य किंवा राष्ट्रीय पातळीकडे डोळा असेल, तर डब्ल्यूपीएचे एका फाउलचे नियम अंगात मुरवा, दुसरं काही धरू नका. आणि प्रत्येक स्पर्धेत ब्रेकचे नियम आधी विचारा: एक स्पॉटवर की नऊ, चौकट आहे का, तीनचा नियम आहे का, ब्रेक कोणाचा, शॉटला किती सेकंद. रेफरी नसेल तर आणखी एक विचारा: फक्त पांढऱ्याला चुकून हात लागला तर फाउल, की कुठल्याही बॉलला? अमेरिकेतल्या लीगमध्ये रेफरीशिवाय खेळताना बहुधा फक्त पांढऱ्याचा फाउल धरतात, दुसरा बॉल चुकून हलला तर समोरच्याच्या संमतीने जागेवर ठेवतात. स्नूकरवाल्यांना हे ठाऊक नसतं आणि सामन्याच्या मध्यात तोंडं फिरतात.

पण काकांबरोबरचा खेळ हा वेगळा विषय आहे. तिथे मी असतो तर आठवड्यातला एक दिवस त्यांच्या नियमांनी खेळलो असतो. सातची शर्यत, पुश आउट कधीही, लागोपाठ दुसऱ्या फाउलवर बॉल इन हँड, आणि फाउलवर पडलेले बॉल वर ठेवायचे की नाही ते खेळण्याआधी काकांनाच विचारायचं. त्यांच्या हॉलमध्ये जे होतं तेच. त्या दिवशीचा अर्धा राहिलेला रॅकही पुन्हा मांडा: तीन सातच्या मागे, पांढरा काकांनी सरकवला तिथे, आणि निवड तुमची.

फक्त घाई करून “तुम्हीच मारा” म्हणू नका. आधी काका उभे होते तिथे जा, पांढऱ्याच्या मागे वाका आणि तीनकडे त्यांच्या नजरेने बघा. बहुतेक एखादा एका कुशनवरचा बँक (बॉल कुशनवर आपटून पॉकेटमध्ये घालायचा शॉट) दिसेल, मधल्या पॉकेटकडे जाणारा. न्यू जर्सीतल्या त्या आठ-दहा वर्षांत तो त्यांनी शेकडो वेळा मारलेला असणार. तो दिसला तर स्वतः मारा, पण पॉट करायला जाऊ नका. तीनला जाड, म्हणजे जवळजवळ मधोमध, लागून त्याला खालच्या कुशनकडे पाठवा आणि पांढरा सातच्या मागे परत आणा. मग काका पुन्हा “पुश” म्हणतील, आणि निवड पुन्हा तुमच्याकडे येईल.